संडरलंडची व्हॉक्स ब्रुअरी: वास आठवतो, इमारत आठवत नाही

पैलतीर

संडरलंडला येऊन मला चार वर्षं झाली. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर वेअर नदी समुद्राला मिळते तिथलं हे गाव. १९९२ पासून कागदोपत्री शहर झालंय, पण जुनी माणसं अजून गावच म्हणतात. पहिल्याच आठवड्यात टॅक्सीवाल्याला पत्ता सांगताना मी एका नावाचा उच्चार 'व्हो' केला. स्पेलिंग फ्रेंच दिसतं, म्हणून आपला आगाऊ शहाणपणा. त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "व्हॉक्स, पेट. व्हॉक्स." 'पेट' म्हणजे इथलं 'बाळा', समोरच्याचं वय काहीही असो. पुढच्या दहा मिनिटांत त्याने त्या एका नावावर मला इतकं ऐकवलं की उतरताना मीटरकडे बघायचं राहून गेलं.

तर व्हॉक्स ही इथली बिअरची ब्रुअरी. कथबर्ट व्हॉक्स नावाच्या गृहस्थाने १८३७ मध्ये सुरू केली. १८७० च्या दशकात रेल्वेला तिची जागा हवी झाली, म्हणून तिथून उठून नदीवरच्या कड्यावर आली. अगदी गावाच्या पोटात. तिथे ती २ जुलै १९९९ पर्यंत चालली. मग बंद, मग पाडापाडी, मग मोकळं मैदान.

त्या कड्यावर उभं राहिलं की खाली खोल दरीतून वेअर वाहताना दिसते आणि समोरच्या तीरावर फुटबॉलचं मोठं स्टेडियम. ते स्टेडियम जिथे आहे तिथे मंकवेअरमथची कोळशाची खाण होती, ती १९९३ च्या डिसेंबरात बंद झाली. दाराबाहेर खाणकामगारांच्या डेव्ही दिव्याची मोठी प्रतिकृती आहे. नदीच्या दोन्ही काठांना जहाजं बांधायचे, शेवटचं जहाजबांधणीचं आवार १९८८ मध्ये बंद पडलं. म्हणजे अकरा वर्षांत जहाज गेलं, कोळसा गेला, बिअर गेली. एकाच जागी उभं राहून तिन्ही रिकाम्या जागा मोजता येतात.

मला इमारतीबद्दल कुतूहल. शेजारचे आजोबा तिथे माल चढवायच्या आवारात कामाला होते. त्यांना विचारलं, इमारत दिसायला कशी होती हो? त्यांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "मोठी." बस्स. त्यानंतर अर्धा तास घोड्यांबद्दल बोलले! व्हॉक्सकडे पांढरे-करडे पर्शेरॉन घोडे होते आणि गावातल्या जवळच्या पबना बिअरची पिंपं अगदी शेवटपर्यंत, म्हणजे १९९९ पर्यंत, घोडागाडीने जायची. आजींचं माहेर त्याच रस्त्यावर. नालांचा आवाज आला की शाळेला निघायची वेळ झाली असं समजायचं. गाडी पुढे गेली रे गेली की बादली आणि फावडं घेऊन माणसं रस्त्यावर. लीद गोळा करायला! इकडे लीक पिकवायच्या स्पर्धा असतात. लीक म्हणजे आपल्या कांद्याच्या पातीचा पैलवान भाऊ. त्या वाफ्यांना ब्रुअरीची लीद घालायला चढाओढ असायची म्हणे.

आणि वास. ज्याला विचारावं तो वासाबद्दल बोलतो. आजींचं वर्णन ऐकून मी घरातला हॉर्लिक्सचा डबा आणून त्यांच्या नाकाखाली धरला. "हाच, पण गरम," म्हणाल्या.

अशा इमारतीत नेमकं काय कुठे असायचं, आणि ती ठेवता आली असती का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

कोळंबी

हॉर्लिक्स!! वाचतेय. घोड्यांबद्दल अजून येऊ दे.

विटकरी

छान धागा. व्हॉक्सची इमारत मी पाहिलेली नाही, पण जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत काम करतो आणि त्या काळच्या तीन-चार ब्रुअऱ्या आतून पाहिल्यात. त्या जोरावर लिहितो.

एकोणिसाव्या शतकातली ब्रुअरी ही खरं तर इमारत नसतेच, भिंती घातलेलं एक उभं यंत्र असतं. तिला टॉवर ब्रुअरी म्हणतात. सगळं एकदाच वर चढवायचं आणि मग स्वतःच्या वजनाने खाली येऊ द्यायचं, एवढीच युक्ती. सर्वांत वर पाण्याची टाकी. गंमत म्हणजे ब्रुअरीत पाण्याला 'लिकर' म्हणतात, 'वॉटर' म्हटलंत तर नवखे ठरता. टाकीखाली माल्टची कोठारं. माल्ट म्हणजे भिजवून मोड आणलेले आणि मग भट्टीवर वाळवलेले जव. त्याखाली ते भरडायची चक्की. मग येतो मॅश टन, म्हणजे जाळीदार तळ असलेलं प्रचंड पातेलं. त्यात भरड आणि साधारण ६५ अंशांचं पाणी तासभर किंवा थोडं जास्त मुरतं. जवातल्या पिठाची साखर होते आणि तळातून गोड काढा निथळतो. पैलतीरच्या आजी म्हणतात तो वास या मजल्यावरचा. काढा खालच्या तांब्याच्या हंड्यात उतरतो, हॉप्स (एका वेलीची कडवट फुलं) घालून तास-दीड तास उकळतो, मग गार होतो, मग आंबवायच्या मजल्यावर यीस्ट घालून काही दिवस ठेवतात. शेवटी तळघर, आणि तिथे पिंपं भरायची.

बाहेरून ओळखायची खूण सांगतो. वरच्या मजल्यांना काचेऐवजी लाकडी पट्ट्यांच्या झडपा असतील तर तिथे काढा गार करत असणार. वाफ बाहेर जावी आणि वारा आत यावा म्हणून. ऑक्सफर्डशायरमध्ये हूक नॉर्टनला १९०० च्या सुमाराची अशी टॉवर ब्रुअरी अजून चालू आहे, कोणी त्या बाजूला गेलात तर चुकवू नका.

आता ठेवता आली असती का? कापडगिरणी किंवा गोदाम वाचवणं तुलनेने सोपं. सपाट मोकळे मजले, रांगेत खांब, भरपूर खिडक्या. यंत्रं काढली की ऑफिस करा, घरं करा. ब्रुअरीत प्रत्येक मजल्याला भांड्याच्या आकाराची भोकं असतात, कारण भांडी दोन-दोन मजल्यांमधून आरपार गेलेली. तांबं भंगारात चांगल्या भावाने जातं, म्हणून तेच आधी निघतं. उरते ती भोकं पडलेली, शंभर वर्षं वाफ आणि ओल खाल्लेली भिंत. शिवाय विसाव्या शतकात प्रत्येक ब्रुअरीभोवती पत्र्याच्या शेडा, स्टीलच्या उभ्या टाक्या, बाटल्या भरायचे हॉल असं काय काय चिकटत जातं. 'मोठी' हे आजोबांचं वर्णन मला फार अचूक वाटलं. ते पुंजकं असतं. त्याला दर्शनी चेहराच नसतो.

उंटावरचा_शहाणा

मला एक कळत नाही. शेवटी दारूचा कारखानाच ना? तो पाडला म्हणून इतकं हळवं व्हायचं कारण काय? किती संसार बुडाले असतील त्या 'हॉर्लिक्स'पायी, त्याचा धागा कोणी काढत नाही.

पैलतीर

@उंटावरचा_शहाणा, प्रश्न रास्त आहे. इथल्या लोकांनीही तो विचारलेला आहे, आणि आपल्या आधी. दारूला अजिबात न शिवणाऱ्यांसाठी इंग्रजीत 'टीटोटल' शब्द आहे ना, तो १८३३ मध्ये प्रेस्टन या इंग्लंडमधल्या गिरणगावात, दारूबंदीच्या सभेत, रिचर्ड टर्नर नावाच्या कामगाराच्या तोंडून आला. गिरण्या, ब्रुअऱ्या आणि दारूबंदीवाले एकाच मातीतले. मी स्वतः बिअर पीत नाही, कडू लागते. पण ज्या ब्रुअरीने दीडशेच्यावर वर्षं गावाला पगार दिला त्याबद्दल कुतूहल वाटायला पिण्याची अट नाही ना?

नाडीपरीक्षा

संडरलंड म्हटलं की आम्हा डॉक्टर लोकांना बिअर नाही, कॉलरा आठवतो. बंगालमधून निघालेली साथ रशिया आणि बाल्टिकमार्गे जहाजांतून ब्रिटनमध्ये शिरली ती याच बंदरातून, १८३१ च्या ऑक्टोबरात. व्यापारी आणि जहाजमालकांनी तेव्हा बंदर बंद ठेवायला कडाडून विरोध केला, हा कॉलरा नव्हेच असं सांगत राहिले. ओळखीचं वाटतं ना? म्हणजे साथ सहा वर्षांपूर्वीची आणि मग ही ब्रुअरी.

याचा अर्थ 'पाणी घाण म्हणून लोक बिअर प्यायचे' असा सरसकट काढू नका, हे वाक्य इंटरनेटवर फार सैल फिरतं. लोक पाणीही पीतच होते. पण एक नोंद पक्की आहे. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर कॉलऱ्याने थैमान घातलं, तेव्हा जॉन स्नो या डॉक्टरने त्या पंपाभोवती कोण मेलं आणि कोण वाचलं याचा घरोघर शोध घेतला. पंपाला लागूनच एक ब्रुअरी होती, सत्तरच्यावर कामगार, आणि तिथे कॉलऱ्याने एकही दगावला नाही. कामगारांना रोजची बिअर फुकट मिळायची आणि ब्रुअरीची स्वतःची विहीर होती, त्यामुळे रस्त्यावरच्या पंपाशी त्यांचा संबंधच नव्हता. ब्रुअरीत पाणी उकळलं जातं हा जंतूंची माहिती नसतानाच्या काळातला योगायोग. विटकरींचा तो तास-दीड तास उकळणारा हंडा सार्वजनिक आरोग्य खात्याचं काम करत होता.

कोळंबी

काय माहिती आहे लोकांकडे! धागा वाचनखूण साठवलाय.

लेफ्टबॅक

फुटबॉलवाले कुठे गेले सगळे? संडरलंडच्या लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या जर्सीवर १९८५ ते १९९७ बारा वर्षं व्हॉक्सचंच नाव होतं. पुढची दोन वर्षं 'लॅम्बटन्स', तीही व्हॉक्सचीच एक बिअर. १९९७ मध्ये क्लब रोकर पार्कच्या जुन्या मैदानातून खाणीच्या जागेवरच्या नव्या स्टेडियमवर गेला. म्हणजे १९९७ ते ९९ दोन मोसम असे झाले की खाणीच्या जागेवर उभं राहून लोक ब्रुअरीच्या बिअरचं नाव छातीवर मिरवत होते, आणि ब्रुअरी नदीपलीकडे समोर चालू होती. १९९९ ला ती बंद पडली आणि जर्सीवर गाड्या विकणाऱ्याचं नाव आलं. जुन्या जर्सीची नक्कल आजही लोक घालतात, व्हॉक्स लिहिलेलीच.

सिग्नलखाली

ब्रुअरीचा विषय आणि बर्टनचं नाव नाही, असं कसं चालेल? थोडं अवांतर, पण फार नाही.

स्टॅफर्डशायरमधलं बर्टन अपॉन ट्रेंट. तिथल्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम, त्यामुळे फिकट कडवट बिअर तिथे उत्तम जमते. इतकी, की दुसरीकडचे ब्रुअर आपल्या पाण्यात क्षार मिसळून 'बर्टनसारखं' पाणी करायला लागले आणि त्या क्रियेला इंग्रजीत गावाचंच नाव पडलं. १८३९ मध्ये तिथे रेल्वे आली. मग ब्रुअऱ्यांनी स्वतःचे खासगी रूळ गावभर टाकले. गावातल्या रस्त्यांवर बत्तीस फाटकं होती! बाजारात भाजी आणायला निघालेल्या बाईला दोनदा तरी बिअरच्या वाघिणीपुढे थांबावं लागत असेल. आज त्या रुळांचं नामोनिशाण जवळपास नाही, बऱ्याच ब्रुअऱ्यांचंही नाही.

पण बर्टनची सगळ्यात भारी निशाणी बर्टनमध्ये नाहीच, लंडनमध्ये आहे. सेंट पँक्रस स्टेशन, १८६८ चं. फलाट जमिनीपासून उंच आहेत आणि खालचं तळघर बर्टनहून येणारी बिअर साठवायला बांधलेलं. विल्यम बार्लो या अभियंत्याने खांबांमधलं अंतर बिअरच्या पिंपांच्या हिशेबाने ठरवलं. आज युरोपला जाणाऱ्या गाडीसाठी लोक जिथे बॅगा ओढत रांगेत उभे असतात, ते हेच पिंपांचं तळघर. ब्रुअऱ्या पाडल्या तरी त्यांचं माप एका स्टेशनात उरलंय.

आणि हो, भारताचा संबंध. १८२० च्या दशकात बर्टनच्या ऑलसॉपने भारतासाठी फिकट बिअर बनवायला घेतली. त्याआधी लंडनच्या बो भागातल्या हॉजसनची बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून कलकत्ता-मुंबईला जायची. 'नेहमीची बिअर वाटेत नासायची म्हणून भारतासाठी खास नवी बिअर शोधली' ही गोष्ट मात्र जरा जास्तच गोळीबंद आहे. साध्या काळ्या पोर्टर बिअरची पिंपंही भारतात सुखरूप पोचत होती. हॉजसनचं एक सोपं कारण होतं, त्याची ब्रुअरी गोदीजवळ होती आणि कप्तानांना तो लांब मुदतीची उधारी द्यायचा. ती ब्रुअरीही १९३३ मध्ये पाडली.

गोदाकाठ

सेंट पँक्रस भारीच.

मी लालबागला वाढलो, त्यामुळे हा धागा वाचताना पोटात काहीतरी होतंय. आमच्याकडे निदान संप तरी झाला होता, १९८२ चा. कोण कुणाशी भांडलं ते सांगता येतं. इथे पैलतीर लिहितायत त्यावरून गाव व्हॉक्सवर खूश, व्हॉक्स गावावर खूश. मग बंद का पडली? बिअर खपत नव्हती का?

ताळेबंद

@गोदाकाठ, खपत होती. हे प्रकरण मला पेशामुळे माहीत आहे, व्यवसायांचं मूल्यांकन शिकवताना अशी उदाहरणं येतात.

आधी ब्रिटिश पबचं गणित समजून घ्या. बरेचसे पब ब्रुअरीच्याच मालकीचे असायचे. पब चालवणारा भाडेकरू, आणि त्याने बिअर मालक ब्रुअरीचीच घ्यायची. याला 'टाय' म्हणतात, म्हणजे दावणीला बांधलेला पब. १९८९ मध्ये सरकारने नियम आणला की २००० पेक्षा जास्त पब असलेल्या ब्रुअरींनी वरच्यातले निम्मे मोकळे करायचे. सहा बलाढ्य कंपन्यांना त्याने हलवलं. व्हॉक्सचे पब त्या मर्यादेच्या आतले, म्हणजे त्यांना धक्का नव्हता, उलट थोडी मोकळीकच मिळाली.

गडबड वेगळीकडे होती. व्हॉक्स समूहाकडे स्वॅलो नावाची हॉटेलंही होती. शेअर बाजाराच्या नजरेतून बघा. एक धंदा हॉटेलांचा, वाढणारा. एक धंदा बिअरचा, बरा चाललेला पण संथ, आणि शहराच्या मधोमध मोठी जागा अडवून बसलेला. समूहाने नावसुद्धा बदलून स्वॅलो करून घेतलं, तेव्हाच वारं कुठे वाहतंय ते दिसलं होतं. व्यवस्थापनातल्याच लोकांनी ब्रुअऱ्या विकत घ्यायचा प्रस्ताव दिला होता. १९९९ च्या मार्चमध्ये संचालक मंडळाने तो फेटाळला. त्याच वर्षी समूहाची शेफील्डमधली वॉर्ड्स ब्रुअरीही बंद झाली.

पुढचा भाग ऐका. वर्षभराच्या आत ती हॉटेल कंपनी व्हिटब्रेडने घेतली. व्हिटब्रेड कोण? १७४२ पासूनची ब्रुअरी. आणि तिने स्वतः २००० मध्ये आपला बिअरचा धंदा बेल्जियमच्या कंपनीला विकला. बिअरमधून बाहेर पडलेल्याला बिअरमधून बाहेर पडणाऱ्याने गिळलं.

तोट्यातला कारखाना बंद पडणं लोकांना समजतं. चालता कारखाना 'दुसरीकडे पैसे जास्त मिळतील' म्हणून बंद होतो तेव्हा भांडायला समोर कोणी नसतं. तुमच्या संपाशी तुलना केली तर फरक इथे आहे.

उंटावरचा_शहाणा

ताळेबंद, हा प्रतिसाद पटला. माझी आधीची कमेंट जरा तिरकस होती, राहू दे आता तशीच.

पैलतीर

ताळेबंद, धन्यवाद. आजोबांना हे सगळं माहीत आहे पण ते एका वाक्यात सांगतात, "दे सोल्ड द ग्राउंड." जमीन विकली.

आणि जमिनीचं पुढे काय झालं ते मी सांगते, कारण गंमत तिथे आहे. २००१ मध्ये ती टेस्कोने घेतली, सुपरमार्केटसाठी. पालिकेला गावाच्या मधोमध सुपरमार्केट नको होतं, ऑफिसं आणि घरं हवी होती. दोघेही हटून बसले. दहा वर्षं! इमारती तर केव्हाच पाडून झालेल्या. २०११ मध्ये एकदाची जागा पालिकेकडे आली. मग आराखडे, मग भागीदार. एका भागीदारीत कॅरिलियन ही मोठी बांधकाम कंपनी होती. पहिल्या इमारतीचा सांगाडा उभा राहिला आणि २०१८ च्या जानेवारीत कॅरिलियन बुडाली, काम ठप्प. ती इमारत, 'द बीम', अखेर २०१९ मध्ये पूर्ण झाली. २०२१ मध्ये शेजारी पालिकेचं नवं मुख्यालय आलं.

म्हणजे बंद पडल्यापासून पहिली इमारत पुरी व्हायला वीस वर्षं. माझ्या वयाची इथली मंडळी आहेत ना, पस्तीस-छत्तिशीची, त्यांच्यासाठी 'व्हॉक्स' म्हणजे ब्रुअरी नाहीच, पत्र्याचं कुंपण घातलेलं मैदान. "व्हॉक्सवर भेटू", "व्हॉक्सच्या कोपऱ्यावर वळ", सगळं त्या मोकळ्या जागेला उद्देशून. टॅक्सीवाला मला ज्या व्हॉक्सला सोडत होता तिथे एक नवं कोरं ऑफिस आहे आणि वारा इतका की छत्री उलटते.

एक गोष्ट राहिली, मॅक्झिमची. व्हॉक्स घराण्यातले मेजर अर्नेस्ट व्हॉक्स दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात मॅक्झिम मशीनगनच्या तुकडीवर होते. ते परतले त्याच्या आनंदात १९०१ मध्ये ब्रुअरीने 'मॅक्झिम' नावाची बिअर काढली. म्हणतात की ती इतकी कडक होती की गिऱ्हाईकं पबमध्येच पेंगायला लागली आणि पबवाल्यांनीच तक्रार केली, पेंगणारा माणूस दुसरा ग्लास घेत नाही ना! मग जोर कमी केला. १९३८ मध्ये पुन्हा वाढवून नाव दिलं 'डबल मॅक्झिम'. ब्रुअरी गेल्यावर तिथल्याच काही माजी लोकांनी या नावाचे हक्क घेतले आणि आता जवळच हॉटन-ले-स्प्रिंगला ती पुन्हा बनते.

पावसाळी

लीड्सहून हजेरी. आमच्याकडे टेटलीची ब्रुअरी २०११ मध्ये बंद झाली आणि पुढे पाडली, पण तिचं १९३१ चं मुख्य ऑफिस ठेवलं. काही वर्षं त्यात चित्रांची गॅलरी होती. न्यूकॅसलची टाइन ब्रुअरी २००५ मध्ये बंद, तीही जमीनदोस्त. ठेवायची वेळ आली की साहेब लोक बसायचे ती लाकडी जिन्याची इमारत राहते, वास यायचा ती राहत नाही. विटकरी म्हणतात त्या भोकांमुळेच असणार.

विटकरी

@पावसाळी, अगदी बरोबर. ऑफिसला दर्शनी चेहरा असतो, कोरीव दगड, घड्याळ, नाव. वारसा यादी करणाऱ्याला फोटो काढायला काहीतरी मिळतं.

@पैलतीर, एक सुचवतो. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या वेबसाइटवर ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा खात्याचे जुने नकाशे फुकट बघता येतात, इंग्लंडचेही. पंचवीस इंची (मैलाला पंचवीस इंच) मालिका उघडा, तिच्यात एकेक इमारत स्वतंत्र काढलेली असते. आजचा उपग्रह नकाशा खाली ठेवून वरच्या जुन्या नकाशाचा गडदपणा कमी-जास्त करता येतो. भिंत कुठे होती ते आजच्या फुटपाथवर उभं राहून सांगता येईल. नकाशात लहानसे चौकोन आणि आत अंगण दिसलं तर तबेले असण्याची शक्यता आहे, पण खात्री तुमच्या आजोबांकडूनच करा. नकाशा त्यांच्या जन्माच्या आधीचा असेल, मधल्या काळात बरंच हललेलं असणार.

पैलतीर

विटकरी, तुम्ही सांगितलेला उद्योग शनिवारी केला. ऑफिसातून मोठ्या कागदावर प्रिंट काढली आणि शेजारी गेले. आजोबांनी चष्मा बदलला. पहिली पाच मिनिटं नकाशा त्यांना उलटाच वाटत होता, कारण त्यांच्या डोक्यातली ब्रुअरी नेहमी मागच्या फाटकापासून सुरू होते आणि मी कागद नदी वर ठेवून धरला होता. मी फिरवला. मग त्यांनी बोट ठेवलं. इथे फाटक. इथे वजनकाटा. इथून लॉऱ्या उलट्या आत घ्यायच्या, पावसात चाकं घसरायची. इथे, नाही, इथे नाही, ही भिंत आमच्या वेळी नव्हती.

मी विचारलं, आणि तो उंच भाग कुठे होता, मॅश टनचा, वास यायचा तो? ते म्हणाले, "तिकडे आम्हाला जाऊ देत नव्हते." पस्तीस वर्षं तिथे काम केलेला माणूस ब्रुअरीच्या आत कधी गेलाच नव्हता! म्हणजे मी पहिल्या दिवशी 'कशी दिसायची' असं विचारलं तेव्हा त्यांना टाळायचं नव्हतं. त्यांनी ती फक्त खालून आणि मागूनच बघितलेली.

आजी मात्र स्वयंपाकघरातून आल्या, कागदाच्या कडेला, ब्रुअरीच्या पार बाहेर, एका गल्लीवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे आमचं दार." आणि तिथून रस्त्याने बोट सरकवत तबेल्यापाशी थांबल्या. आजोबा म्हणाले, तबेला इथे नव्हता. आजी म्हणाल्या, इथेच होता, मी रोज ऐकत होते. त्यांचं अजून चालू असताना मी निघाले.

कोळंबी

मग तबेला कुठे होता??

पैलतीर

प्रिंट त्यांनी ठेवून घेतलीय. आज सकाळी बघितलं तर स्वयंपाकघरात फ्रिजवर लावलीय आणि पेन्सिलीने दोन फुल्या मारल्यात, दोन वेगळ्या ठिकाणी. माझ्यासाठी दुसरी काढावी लागणार.